आप्पांची बैठक आणि ट्रेनरचा स्क्वॉट

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ३७. गाव कोल्हापूरजवळ, नोकरी पुण्यात आयटीत. सहा महिने जिमला जातोय. ट्रेनरने तिसऱ्याच आठवड्यात खांद्यावर बार देऊन स्क्वॉट, म्हणजे बैठका, काढायला लावल्या. आता ६० किलो घेतो, पण अर्ध्यातच थांबतो. आणखी खाली गेलो की टाचा उचलल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. ट्रेनर म्हणतो, स्क्वॉट हा व्यायामांचा राजा, तो सोडायचा नाही. फक्त गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. गावी गेल्यावर आप्पांना व्हिडिओ दाखवला. आप्पा ६९ वर्षांचे. तरुणपणी तालमीत रोज पाचशे बैठका काढायचे. बघून म्हणाले, "ही बैठक हाय व्हय? निम्म्यात थांबतोयस, आन वर वजन कशाला घेतलंयस?" खाली भाजी निवडत बसलेली आई तिथूनच म्हणाली, "त्या बैठकांनीच तुमचे गुडघे गेले." खोटं नाही, आप्पांना आता जमिनीवरून उठायला भिंत लागते, खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतात. बीपीची गोळी चालू आहे. मी नेमकं कुणाचं ऐकू? आणि आप्पांसाठी काही करता येईल का?
— आप्पांचा मुलगा, पुणे

उत्तर : आधी कमरेचं बोलू. घरातलं भांडण चार दिवस थांबलं तरी चालेल, कमरेचं तसं नाही.

कळ कमरेवरून नितंबात, मांडीत, पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना जड वाटत असेल, तर पुढचं काही वाचण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखा वाटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. यातलं काही नसेल, फक्त दुसऱ्या दिवशी कंबर आखडत असेल, तर बार सध्या रॅकवर, म्हणजे त्याच्या स्टँडवरच राहू द्या. कायमचा नाही, सहा आठवडे.

आता एक करून बघा. चपला काढा, पावलं खांद्याइतकी फाकवा, चवडे थोडे बाहेर वळवा आणि उकिडवे बसा. आपल्याकडच्या जुन्या संडासात बसतो तसं. टाचा जमिनीवर. बसता आलं? मला पैजेवर सांगता येईल की नाही आलं. एक तर टाचा उचलल्या गेल्या असतील, नाहीतर मागे कलंडला असाल. मग भिंतीसमोर एक पाऊल ठेवा, अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटीमीटर लांब, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर तुमचा घोटा आखडलाय. पुण्यातल्या खुर्चीत नऊ-नऊ तास बसणाऱ्या माणसाचा तो आखडणारच, त्यात तुमचा दोष नाही. पण या घोट्यावर ६० किलो ठेवण्यात मात्र कुणाचा तरी दोष आहे.

कंबर कशी धरते ते समजून घ्या. बार खांद्यावर असला की तो पावलाच्या मधोमध, वर-खाली सरळ रेषेत राहायला हवा. नाहीतर माणूस पडतो. खाली बसताना गुडघे पुढे आले तर छाती बऱ्यापैकी उभी राहते. घोटा वाकेना, किंवा 'गुडघा पुढे नको' म्हणून तुम्हीच तो अडवून धरलात, तर ढुंगण मागे जातं आणि तोल साधायला छाती पुढे झुकते. मग साठ किलो उचलतं कोण? मांड्या कमी, कंबर जास्त.

हे नुसतं माझं मत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत सात जणांवर एक छोटा प्रयोग झाला. प्रत्येकाच्या खांद्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाइतका बार. एकदा मोकळा स्क्वॉट, आणि एकदा गुडघ्यांसमोर आडवी लाकडी फळी ठेवून, म्हणजे गुडघे बोटांच्या पुढे जाणारच नाहीत. फळी लावल्यावर गुडघ्यावरचं वळण-बल, म्हणजे सांधा वळवणारा जोर, १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आलं. वा, फायदाच की! पण खुब्यावरचं बल २८ वरून ३०२ वर गेलं. गुडघ्याचं थोडं ओझं वाचवायला खुब्यावर दहापट टाकलं, आणि त्याची झळ कंबरेला. सातच माणसं होती हे खरं, पण यंत्रशास्त्र सातांना एक आणि तुम्हाला दुसरं असं नसतं.

तेव्हा गुडघ्याच्या बाबतीत ट्रेनर चुकतोय आणि आप्पांची गुडघे पुढे नेणारी पूर्ण बैठक बरोबर आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात ११५ किलोचा क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) केला तो व्हिडिओ काढून बघा. बार खांद्यावर घेऊन ती तळाला बसलेली असते त्या क्षणी तो थांबवा. स्वतःच्या वजनाच्या दुप्पटीहून जास्त ओझं, आणि गुडघे बोटांच्या बरेच पुढे. त्या बैठकीतून उठली म्हणून पदक आलं.

आणि टाचेचं तर मला गंमतच वाटते. आप्पा तालमीत बैठक काढताना टाच उचलायचे, म्हणून ट्रेनर नाक मुरडणार. पण वेटलिफ्टिंगचे बूट घेऊन त्यांची टाच बघा, लाकडासारखी कडक आणि दोनेक सेंटीमीटर उंच. कशासाठी? गुडघा पुढे यावा आणि छाती उभी राहावी म्हणून. तालमीच्या मातीत अनवाणी पैलवानाने टाच उचलून जे साधलं तेच बूटवाल्याने चामड्यात शिवून घेतलं. फरक एवढाच की पैलवानाच्या खांद्यावर बार नव्हता. बार असताना टाच हवेत लोंबकळली तर तोल जातो, म्हणून तिच्याखाली काहीतरी घट्ट हवं. तुम्ही सध्या दोन्ही टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या चकत्या ठेवा. बूट नंतर घ्या, महाग असतात.

खोल बैठकीने गुडघे जातात, ही भीती मात्र आईंनी शोधलेली नाही. १९६१ च्या सुमाराला टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वजन उचलणाऱ्यांचे गुडघे तपासून सांगितलं की पूर्ण खाली बसल्याने गुडघ्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधणारे पट्टे, सैल होतात. अमेरिकेतल्या शाळा-क्रीडाविभागांत हे पसरलं आणि सगळे निम्म्यात थांबायला लागले. नंतरच्यांनी तपासून पाहिलं तर तसा सैलपणा काही सापडला नाही. पण एकदा रुजलेली भीती कागदाने जात नाही. साठ वर्षांनी ती तुमच्या जिममध्ये मराठीत बोलतेय.

मात्र आईंचं सगळंच खोडून काढायचं असंही नाही. बीजिंगमधल्या वयस्कर लोकांचा एक अभ्यास २००४ मध्ये आला होता. तरुणपणी दिवसाचे तीन तास किंवा त्याहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अर्धा तासही न बसणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली. आपल्याकडे भुईमुगात, सोयाबीनमध्ये भांगलण करणाऱ्या बायकांना विचारा. खुरपं हातात, सकाळी दहापासून पाचपर्यंत उकिडवं, आणि तसंच सरकत सरकत पुढे. तो व्यायाम नाही, ती मजुरी आहे. दिवसभर दाबून ठेवलेला गुडघा वेगळा आणि आठवड्यातून दोनदा, मधे दोन-तीन मिनिटं थांबत, पाच-पाच वेळा वाकवून सरळ केलेला गुडघा वेगळा. एकच आसन आहे म्हणून दोन्हीला एकच शिक्का मारू नका.

आता खरा वाद. "वजन कशाला?"

इथे आप्पा चुकतात, आणि चुकतात ते अगदी समजण्यासारखं. तालमीत सगळा हिशोब आकड्याचा. किती बैठका? पाचशे. तो किती काढतो? हजार. आकडा वाढला की माणूस वाढला. कुस्तीला ते शोभतंच. हौद्यात दम संपला की डाव आठवत नाहीत. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक घेतलं ती पिढी जोर-बैठकांवरच उभी होती. पण पाचशे बैठका काढता येणं म्हणजे प्रत्येक बैठक तुमच्या ताकदीच्या मानाने फार हलकी आहे. पहिल्या महिन्यात पाय बळकट होतात. त्यानंतर वाढतो तो मुख्यतः दम. सहज सलग तीस-चाळीस निघायला लागल्या की तुम्ही पायांची ताकद कमी आणि चिवटपणा जास्त वाढवताय असं समजा. ताकद हवी असेल तर आकडा पाच-आठवर ठेवून ओझं वाढवावं लागतं. मोजायची गोष्टच बदलते. किती वेळा, हे सोडून किती किलो.

आणि हे साहेबाने शिकवलेलं आहे असं आप्पांना वाटत असेल तर त्यांना गामा पैलवानाचं सांगा. पतियाळाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्सच्या संग्रहालयात त्याची हसली ठेवलेली आहे, गळ्यात अडकवायचं भलंमोठं कडं, सुमारे ९५ किलोचं. ते घालून तो बैठका काढायचा. गामाच्या आणि तुमच्या बैठकीत फरक राहिला तो फक्त कड्याचा आणि दांड्याचा. (दांड्याचा इतिहासही मजेशीर आहे. मिलो स्टाइनबॉर्न नावाचा जर्मन पैलवान १९२१ मध्ये अमेरिकेत गेला. तेव्हा बार टेकवायला रॅक कुठला? तो बार उभा करायचा, त्याच्याखाली तिरका शिरून पाठीवर आडवा ओढून घ्यायचा, बैठका मारायचा आणि तसाच परत उतरवायचा. तुम्ही हे करू नका.)

ट्रेनरची चूक वेगळी आहे. त्याने ओझं दिलं, पण आप्पांकडे जे होतं ते आधी तुमच्याकडे आहे का हे पाहिलं नाही. आप्पांची पिढी उकिडवं बसूनच मोठी झाली. दात घासायला, आंघोळीच्या दगडावर, चावडीवर गप्पा मारायला. तालमीत आली तेव्हा घोटे, गुडघे, खुबे मोकळेच होते. वस्तादाने फक्त ताल आणि आकडा दिला. तुमच्याकडे ताल नाही, मोकळे सांधे नाहीत आणि थेट किलो आले. आपल्या शाळांनी बैठकीची ओळख करून दिली तीही कान धरून, शिक्षा म्हणून. मग ती कुणाला आवडणार!

तर सहा आठवडे असं करा.

रोज, व्यायामाचा दिवस असो वा नसो, दाराची चौकट किंवा खाटेचा पाय धरून उकिडवे बसा. सुरुवातीला अर्धं मिनिट, मग हळूहळू दोन मिनिटं. धरण्यात कमीपणा नाही. बसल्या बसल्या वजन एका पावलावरून दुसऱ्यावर न्या, कोपराने गुडघे हलकेच बाहेर ढकला. बातम्या वाचा, कुणी अडवलंय?

आणि आठवड्यातून दोनदा जिममध्ये गॉब्लेट स्क्वॉट. एक डंबेल उभा धरून दोन्ही तळव्यांनी छातीशी कवटाळायचा, तांब्या धरावा तसा. आठ किलोपासून सुरू करा. ओझं समोर आल्यामुळे तुम्ही मागे कलंडत नाही आणि छाती आपोआप उभी राहते. पाठीवरच्या बारने जे शिकवायला महिने लागतात ते हा डंबेल दोन दिवसांत शिकवतो. आठ-आठचे तीन सेट, म्हणजे फेऱ्या, मधे दोन मिनिटं बसायचं. आरामात झाले की पुढच्या वेळी मोठा डंबेल. सहा आठवड्यांत १८-२० किलोपर्यंत यायला हरकत नाही. घरी असाल तर पाच किलोची तांदळाची पिशवी चालते. मी टाळेबंदीत दोन महिने तेच केलं, नंतर त्या तांदळाचा भात खाल्ला.

बैठक कशी? पावलं मघा सांगितली तशी. खाली जाण्याआधी श्वास घ्या, पण छातीत नको, पोटात. कुणी पोटावर चापट मारणार आहे आणि आपल्याला ती झेलायची आहे, तसं पोट चारही बाजूंनी घट्ट करा. मग बसा. 'ढुंगण मागे' असं मनात म्हणू नका. दोन मांड्यांच्या मधे खाली बसायचंय असं म्हणा. गुडघे पावलाच्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मधल्या दिशेने जाऊ द्या. ते आत कोसळले तर वजन जास्त झालं, तिथेच थांबा. पाऊल तीन ठिकाणी जमिनीला चिकटलेलं हवं : अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा, टाच. नजर समोर, थोडी खाली. छताकडे बघितलं की बळ येतं हा गैरसमज आहे, त्याने मान आखडते. तळाला जाऊन आदळू नका. आणि वर येताना छाती आणि ढुंगण एकाच वेळी उठायला हवं. ढुंगण आधी उठलं की सगळं पुन्हा कमरेवर आलं.

किती खाली? पॉवरलिफ्टिंगमध्ये नियम असा की खुब्यापाशी मांडीची वरची घडी गुडघ्याच्या माथ्याच्या खाली गेली पाहिजे. स्पर्धेत ठीक. तुमच्यासाठी नियम सोपा : कंबर आत वळायला लागेपर्यंत. एका टप्प्यावर पाठीचा खालचा भाग गोल होऊन ढुंगण खाली दुमडतं, बाजूने काढलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं. त्याच्या बोटभर वर थांबायचं. आज ती जागा गुडघ्याच्या वर असेल, महिन्याने खाली सरकेल. काही जणांच्या खुब्याच्या हाडाची खोबणच अशी असते की ते कधीच पुरते खाली जात नाहीत. त्यांनी जाऊही नये.

सातव्या आठवड्यात बारकडे परत या, रिकाम्या. पुरुषांचा सरळ बार २० किलोचा असतो, तेवढं पुरे. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, दर वेळी अडीच किलो वाढवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक चकती. तुम्ही आयटीतले, हिशोब करून बघा : २० वरून ६० ला सोळा वेळा, म्हणजे आठ आठवडे. साडेतीन महिन्यांत पुन्हा तुम्ही आज आहात त्याच आकड्यावर, पण या वेळी पूर्ण बैठक, आणि दुसऱ्या दिवशी कंबर आपल्या जागी. सव्वा किलोच्या चकत्या बऱ्याच जिममध्ये कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात, त्या उचलणं लोकांना कमीपणाचं वाटतं. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये सुवर्ण हुकलं ते एका किलोने, २४८ विरुद्ध २४९. मला तरी छोट्या चकत्यांचा अपमान करवत नाही.

बार मानेच्या मणक्यावर ठेवू नका. खांदे मागे आवळले की मानेखाली स्नायूंची गादी तयार होते, तिच्यावर ठेवा. मग बारला गुंडाळतात तो स्पंजचा निळा तुकडा लागत नाही. उलट त्याने बार वर चढतो आणि घरंगळतो. रॅकच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्या तुमच्या तळाच्या जागेपेक्षा किंचित खाली लावलेल्या असल्याच पाहिजेत. हे मी कानीकपाळी ओरडून सांगते, कारण बाविसाव्या वर्षी एका जिममध्ये मी त्या न लावता खाली गेले आणि उठताच आलं नाही. बार मानेवरून पुढे आला. हनुवटीखालची खूण अजून आहे. वाचले ते शेजारी बेंचवर बसलेल्या मुलीने धावत येऊन एक टोक उचललं म्हणून.

ट्रेनर मागे उभा राहून तुमच्या काखेत हात घालत असेल आणि "अजून एक, अजून एक" म्हणत असेल, तर ती शेवटची बैठक त्याची आहे, तुमची नाही. पाच ठरल्या तर पाचच, आणि सहावी निघाली असती असं वाटत असतानाच थांबायचं. त्याच्याशी भांडू नका. सांगा, "सर, कंबर दुखते, सहा आठवडे गॉब्लेट करतो." चांगला ट्रेनर असेल तर हो म्हणेल. नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि ते 'व्यायामांचा राजा' प्रकरण. बैठक पाया आहे हे मी मानते. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही सांधे एकदम वाकतात आणि उघडतात; मांडीचा पुढचा भाग, नितंब, आतले स्नायू काम करतात आणि पाठ ताठ राहायला शिकते. वेटलिफ्टिंगच्या दोन्ही प्रकारांत ओझं घेऊन बैठकीतून उठावं लागतं. खुर्ची, बस, संडास, जमीन, माणूस दिवसभर हेच करतो. पण राजा-बिजा काही नाही. उद्या तुमच्या कमरेने बार नाकारलाच तर एका पायाने पायरी चढा, लंजेस (एक पाय पुढे टाकून वाकणं) करा, लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणं) करा. पाय कशाने बळकट झाले हे कुणी विचारत नाही.

आता आप्पा.

त्यांचे गुडघे बैठकांनी गेले की आणखी कशाने, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि आईंनाही येणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघा सुजतो का, अडकतो का, चालताना दगा देतो का, हे तिथे नक्की सांगा. पण मी इतके निवृत्त पैलवान पाहिलेत की एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तालीम सुटते, खुराक सुटत नाही. तिशीत लंगोट खुंटीला लागतो, दूध-तूप-मटण तसंच चालू राहतं. पंचवीस किलो वाढतात, बैठक एकही नाही, आणि साठीत गुडघे बोलायला लागले की दोष तरुणपणच्या पाचशे बैठकांना. पाचशे काढत होते तेव्हा दुखत होते का, विचारा त्यांना. मला वाटतं, थांबल्यावर सुरू झालं असेल.

त्यांची परीक्षा सोपी आहे. साधी, बिनहाताची, सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. तुम्ही शेजारी उभे राहा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला बारा जमले नाहीत तर पाय कमकुवत, पडण्याची भीती जास्त, असं मानतात. आप्पांना हात टेकावे लागतात म्हणजे आज आकडा शून्य असू शकतो. त्यावर हसायचं नाही. व्हिडिओ बघून ते तुमच्यावर हसले असले तरी.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की खुर्चीवर दोन उशा ठेवा, म्हणजे कमी उठावं लागेल. पाच वेळा उठायचं-बसायचं, दम खायचा, पुन्हा पाच. एक दिवसाआड. बसताना धप्पकन पडायचं नाही, मनात तीन मोजत खाली यायचं. खरी ताकद त्या उतरण्यात येते. दोन आठवड्यांनी एक उशी काढा, मग दुसरी. त्यांना बीपी आहे, तेव्हा तुम्हाला सांगितलेलं श्वास कोंडून पोट आवळणं त्यांना अजिबात शिकवू नका. दम कोंडला की रक्तदाब झपाट्याने चढतो. उठताना तोंडाने श्वास सोडायचा, हवं तर मोठ्याने आकडा मोजायचा. मोजताना दम कोंडताच येत नाही. तालमीतली सवय आहे त्यांना.

अडचण गुडघ्यापेक्षा मानाची येईल. ज्याने पाचशे काढल्या तो खुर्चीवर पाच काढणार नाही. म्हणून व्यायाम हा शब्द उच्चारू नका. गावी गेलात की म्हणा, "आप्पा, माझी बैठक चुकत्येय, तुम्ही समोर बसून बघा." खुर्ची त्यांना द्या. तुम्ही डंबेल घेऊन आठ काढा, ते वस्तादासारखे खोलीवर लक्ष ठेवतील. आप्पांची नजर त्या ट्रेनरपेक्षा चांगली आहे, निम्म्यात थांबलात की शिवी देतील. मग तुम्ही विश्रांती घेताना म्हणा, "आता तुम्ही." पुण्याहून फोनवर आकडा विचारत राहा. आकड्याची भाषा त्यांना कळते.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा व्हिडिओ बाजूने काढा, मोबाइल कमरेच्या उंचीवर, पावलांसकट सगळं अंग दिसलं पाहिजे. आप्पांचा अर्ध्या मिनिटाचा आकडाही कळवा. आणि खुर्ची मांडलीच आहे तर आईंनाही बसवा एकदा. त्या अजून खाली बसून भाजी निवडतात असं तुम्ही ओघात लिहून गेलात. उठताना भिंत धरतात असं काही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की घरातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचा निघेल.